उधाणाचे जेवण

"डोळे हायत ना त्याला? मग कळंल की." एवढे बोलून तांडेलकाका उजव्या हाताची मागची बाजू मचव्याच्या फळीला टेकवत, तापलेल्या लेकराच्या कपाळाला टेकवावी, तशी.

कुणाला काही सांगावे लागणे हा त्यांच्या लेखी त्या माणसाचा अपमान होता. मी नेलेल्या चहात साखर कमी पडली, तर ते तो तसाच पीत आणि माझ्याकडे नुसते पाहत. एका श्रावणात तापाने फणफणून पडले. मचव्यावरून चुलीचा धूर दिसेना, तेव्हा मला शंका आली.

"हाक का नाही मारलीत?" मी रागावले.

"बाई, तुमची खिडकी पाण्याकडंच हाय ना," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. माझ्या खिडकीवर त्यांचा विश्वास होता, इतकेच.

रोह्याच्या शाळेत नोकरी लागून मी कुंडलिकेच्या काठी राहायला आले, तेव्हा तो जुना शिडाचा मचवा तिवरांच्या आडोशाला कायमचा नांगरलेला होता. एके काळी त्यातून भात आणि कौले मुंबईला जात. पुढे सगळा माल ट्रकवर चढला, खलाशी पांगले, आणि त्यांचा नायक, तांडेल, मात्र मचव्यावरच राहिला. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. आत एक चूल, एक वळकटी, आणि लाकडात मुरलेला डांबराचा, सुकटीचा, ओल्या दोरखंडाचा वास. संध्याकाळी ओहोटीला मचवा चिखलात टेकला की फळ्या एकेक करून कुरकुरत. त्या वेळी काका कुणाशी तरी बोलताहेत असे काठावरून वाटे. तुम्ही तिथे असतात, तर तुम्हीही पाऊल थांबवून ऐकले असतेत. बोलणारा मात्र मचवाच असे.

जुन्या सोबत्यांच्या गोष्टी ते सांगत. दामा, पांडू आणि याकूब. "भरती भरली की दोर धराय तिघं ताटावरनं उठायची. हाक मारायची गरज नाय पडली कधी," असे म्हणताना त्यांचा आवाज ओला होई.

त्या वर्षी मचव्याच्या बुडाशी पाणी झिरपू लागले. पावसाळ्याआधीचे शेवटचे मोठे उधाण वैशाखी पौर्णिमेचे. त्या भरतीला, पाणी अगदी भरलेले असताना, मचवा ओढून काठावर घेतला तरच बूड खरवडून, फटी भरून, डांबर लावता येणार होते. नाहीतर पावसात तो बुडणार आणि त्याबरोबर काकांचे घरही. ओढायला निदान चार माणसे हवीत. मजूर आणू का, असे मी विचारले, तर ते मान हलवून म्हणाले, "परक्याचा हात मचव्याला चालत नाय." आणि त्यांनी पेणकडच्या तिन्ही सोबत्यांना निरोप धाडला: पौर्णिमेला जेवायला या.

"कामाचं सांगितलंत ना?"

"जेवाय बोलवून काम सांगू? ती काय परकी हायत?"

पौर्णिमेला सकाळी मी लोणचे घेऊन गेले. मचवा वर सरकवायला काठावर लाकडाचे ओंडके ओळीने मांडलेले होते. मचव्याच्या नाकाला बांधून चार दोर काठावर पसरले होते. त्याहून अधिक बोलणे त्यांना ठाऊक नव्हते.

पाहुणे गाडीने आले. दामा हमरापुरात लेकीकडे राहायचा, गणपती रंगवायला हात लावायचा. त्याच्या नखांत गुलाबी रंग होता. पांडू डोलवीच्या कंपनीत राखणदार. याकूबभाई मस्कतहून कायमचे परतलेले, पांढरेशुभ्र कपडे, बोटात अंगठी.

काठावर पाय ठेवताच दामा ओंडक्याला अडखळला. "कुणी रं टाकलंय हे वाटंत? मराचा ना माणूस!"

"म्हातारा झालास," काका हसले.

"आणि याकूब, एवढं अत्तर?" मचव्यावर चढणाऱ्या याकूबभाईंकडे काका वळले. "खाडीतली कोळंबी आंधळी व्हायची."

"तुझ्या सुकटीवर उतारा म्हणून लावलंय, तांडेल," याकूबभाई म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांना इतक्या जोरात मिठी मारली की मचव्याच्या फळ्या कुरकुरल्या.

मी त्या तिघांना जुन्या जागांवर बसताना पाहिले. कुणी विचारले नाही, कुणी दाखवले नाही. दामा सुकाणूजवळ, पांडू डोलकाठीला टेकून, याकूबभाई चुलीशी. काकांचा चेहरा उजळला. शरीराला आठवते आहे, आता बाकीचेही आठवेल, असे मलाही वाटले.

तांदळाची भाकरी, कोळंबीचे कालवण, गरम भात. कुठल्याशा वादळात पांडूने देवाला नवस म्हणून मिशी कबूल केली होती, ती अजून उतरवली नाही यावरून हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात खाली चिखल बुडाला. तिवरांची मुळे दिसेनाशी झाली. मचवा जडपणे, झोपेतून उठावा तसा, वर उचलला गेला.

काकांचा घास हातातच राहिला. ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते.

मला राहवेना. "भरती चढली, नाही का?"

"व्हय बाई," पांडू डोळे मिटून म्हणाला, "वारा बघा किती गार सुटलाय."

मी पुढे बोलणार, तोच काकांनी माझ्याकडे पाहिले.

"भात वाढू रं?" त्यांनी विचारले.

पाणी काठाला लागले, क्षणभर थांबले, आणि वळले. याकूबभाईंनी घड्याळ पाहिले. पेणची गाडी होती, पांडूची शिफ्ट होती. "लई बरं वाटलं तांडेल, पुन्ना येऊ," असे म्हणत तिघे ओंडके ओलांडून गेले. ते वळणाआड होईपर्यंत काका हात वर करून उभे होते. मग त्यांनी चारही दोर गुंडाळले. मी एक उचलायला गेले, तर म्हणाले, "राहू द्या बाई. खुशीत गेली ना पोरं?"

भाद्रपदात मचवा जागच्या जागी बुडून बसला आणि पुढच्या उधाणांनी त्याच्या फळ्या वाहून नेल्या. पुतण्याने काकांना गावी नेले. पक्के घर, पंखा, खाट. दिवाळीपर्यंतही ते टिकले नाहीत.

पुढच्या वैशाखात याकूबभाई खजुराचा डबा घेऊन माझ्या दाराशी आले. काका गेल्याचा निरोप त्यांना कुणी दिला नव्हता. मी त्यांना काठावर नेले आणि ओंडक्यांचे, दोरांचे, सगळे सांगितले.

"बोलला का नाय तो?" त्यांनी चिखलाकडे पाहत विचारले.

उन्हे डोक्यावर आली तशी भरती लागली. तिवरांतून पाणी सरसरत वर आले. याकूबभाई एकाएकी उठले. चपला काढल्या, बाह्या दुमडल्या, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन, दोर धरावा तसे दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. ओढायला तिथे काहीच नव्हते.