घरामागचा चढ आणि हरळी

बुवापाड्यातलं आमचं घर टेकडीच्या पायाशी होतं. मागची भिंत आणि मातीचा चढ यांच्यात जेमतेम एक माणूस आडवा चालेल एवढी फट. चढावर हरळी, टणटणी, निरगुडी दाट माजलेली. थोरली तेव्हा पाळण्यात होती आणि पाळणा मागच्या भिंतीलगत टांगलेला, कारण वासा तिथंच मजबूत होता.

उन्हाळ्यात त्या फटीत घोणस निघाली. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी कुदळ घेतली आणि सगळा चढ मुळापासून खणायला काढला.

मी दारातून म्हटलं, "विळ्यानं कापा ना. मुळं राहू द्या."

"अगं, हरळी ती! एक कांडं राहिलं तरी शेत खाते."

हे घाटावरचे. त्यांच्याकडे शेतात हरळी दिसली की माणूस आळशी ठरतो. माझं माहेर बारवीकडे, भातशेतीचं. आमच्याकडे बांधावरचं गवत गुरांसाठी कापतात, उपटत कुणी नाही. गवत गेलं की बांध सुटतो, बांध सुटला की खाचरातलं पाणी जातं. आम्ही दोघंही आपापल्या गावापुरते खरे होतो. पण घरामागे शेत नव्हतं, चढ होता. मला ते कळत होतं, धड सांगता येत नव्हतं.

"तुमच्याकडं नुसते खेकडे आणि चिखल," हे हसले. "पोरीला साप चावला तर तुझं गवत येणार का धावून?"

घोणस मीही पाहिली होती.

पाऊस लागला तसं मागून तांबडं पाणी येऊ लागलं. आधी थेंब पानांवर पडायचे, आता थेट मातीवर आपटायचे. चढावर बोटाएवढे ओघळ पडले, मग हाताएवढे. फटीत गाळ साचला. मी घमेल्यानं उपसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. भिंतीला ओल चढली, मग पोट आलं. मी पाळणा सोडला आणि पोरीला पुढच्या दाराशी गोधडीवर घातलं.

माहेरी जाऊन आईला सांगितलं. तिनं आपल्या बांधावरून मातीसकट गवताचे ढपले काढून गोणपाटात बांधून दिले. "चिखलात दाबून बसव, बाय. वरून निरगुडीच्या काठ्या ठोक. त्याबी फुटतात." ढपले डाव्या अर्ध्या चढालाच पुरले. हे कामावरून आले, बघितलं आणि "पुन्हा सापाला घर" एवढंच पुटपुटले.

श्रावणात एका दुपारी उजवीकडचा चढ खाली आला. आवाज भरलेलं पोतं टाकल्यासारखा. तेवढी भिंत आत पडली. पाळण्याच्या जागी गुडघाभर चिखल. पोरगी माझ्या कडेवर होती. डावीकडचा कोपरा तेवढा उभा राहिला.

संध्याकाळी हे फावड्यानं चिखल ओढत होते. मधेच थांबून त्यांनी डावीकडचं गवत मुठीत धरून ओढलं. ते निघालं नाही.

"आईकडून अजून आणशील?" खाली बघतच त्यांनी विचारलं.

"तिचा बांध उघडा पडेल."

ढपले काढले त्या जागी आईनं दगड लावले होते, आणि मी माहेरून निघाले तेव्हा त्या दगडांमधून पाणी पाझरायला लागलं होतं.