आधी वजन, मग पाऊल

भांड्यांच्या रॅकमधली एक ताटली आपसूक सरकते आणि शेजारच्या वाटीला जाऊन टेकते. टण्ण. एवढासाच आवाज, पण दुपारी अडीचच्या शांततेत तो देवळातल्या घंटेएवढा होतो. त्रिशला श्वास रोखून धरते. शेजारी झोपलेली साडेचार वर्षांची ऊर्वी ओठ चाटते, कूस बदलते आणि आईच्या कुर्त्याचं टोक मुठीत धरून पुन्हा गाढ झोपते.

सुटले.

आता फार तर तासभर. ऊर्वीची झोप हीच त्रिशलाची कचेरी. तिच्या पोटावर कागदांचा गठ्ठा आहे, कानामागे पेन्सिल, आणि डोळ्यांत चार रात्रींची जागरणं. पुढच्या खोलीत, जिथं इतरांच्या घरी सोफा असतो, तिथं तिचं यंत्र उभं आहे. पक्षाघातानं पाय गेलेल्या माणसाला पुन्हा चालायला शिकवणारं. वर अंग पेलणारी झोळी, दोन्ही बाजूंनी मांडी-पोटरीला धरणारे यांत्रिक पाय, खाली ट्रेडमिलचा पट्टा, आणि पट्ट्याच्या पोटात वजन ओळखणारे चार सेन्सर. सासूबाई त्याला 'त्रिशलाचा हत्ती' म्हणतात. मिरजेतल्या त्या दोन खोल्यांत पाहुणे आले की हत्तीच्या कडेकडेनं आत येतात.

तीन वर्षांपूर्वी तिनं हत्तीच्या पेटंटचा अर्ज केला. परीक्षकाचं पत्र आलं ते असं: वजन ओळखणारी ट्रेडमिल आधीच जगात आहे, यांत्रिक पायही आहेत, यात नवीन काय? उत्तराची मुदत आज रात्री संपते. मुदत चुकली की अर्ज सोडून दिला असं धरतात. आणि पेटंट नाही म्हटल्यावर, यंत्र बनवायला तयार झालेला पुण्याचा कारखानदार त्याला हातही लावणार नाही. मग हत्ती सोफ्याच्या जागीच म्हातारा व्हायचा.

तिच्या पेटंट एजंट बेंद्रे मॅडम सकाळीच फोनवर म्हणाल्या होत्या, "तुमचं उत्तर वाचलं हो. आठ पानं नुसती अचूकपणावर. आमचे सेन्सर जास्त अचूक, आमचे सेन्सर चार. ह्यानं तो परीक्षक जागचा हलायचा नाही. पाचपर्यंत काहीतरी दुसरं द्या. आणि मूळ अर्जात नसलेलं एक अक्षरही आता घालता येत नाही, हे विसरू नका."

मूळ अर्ज त्रेचाळीस पानांचा. त्रिशला सातवं पान वाचते. मग पुन्हा सातवंच वाचते. पंख्याचा वारा कागदाच्या कडा उचलतो आणि खाली ठेवतो, उचलतो आणि ठेवतो. ओळी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकायला लागतात.

"त्रिशे, झोपलीस व्हय?"

पायथ्याशी आण्णा बसलेत. तिचे वडील भूपाल मगदूम, आजूबाजूच्या साखर कारखान्यांचे काटा-मिस्त्री. उसाच्या गाड्या ज्या मोठ्या काट्यावर चढतात, तो काटा नीट ठेवणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. खाकी सदरा, खिशात पकड. त्यांना जाऊन चार वर्षं झाली आहेत. हे तिला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. त्यावर कुणीच काही बोलत नाही.

"नाही आण्णा, वाचतेय."

"डोळं मिटून? लई शिकलीस की मग." ते गठ्ठा उचलून तळहातावर तोलतात. "दोनशे दहा ग्रॅम. बरंच लिहिलंयस."

"आण्णा, आज शेवटचा दिवस आहे."

"माझा तर होऊन गेला," आण्णा म्हणतात. "तू तुझं सांग."

तिला हसू येतं, आणि हसता हसता ती उठून बसते. ऊर्वीच्या मुठीत कुर्त्याचं टोक तसंच आहे, तरी त्रिशला आण्णांच्या मागून चालतेय. स्वयंपाकघराकडं जाणारा बोळ आज लांबच लांब झाला आहे. बोळात उसाच्या बैलगाड्या रांगेनं उभ्या आहेत. एक बैल फ्रिजला मान घासतोय, दुसऱ्याची शेपटी दिव्याच्या बटणावर आपटते आणि दिवा लागतो, विझतो, लागतो. कच्च्या रसाचा आंबूस-गोड वास. बोळाच्या टोकाला काटाघराची खिडकी, आणि खिडकीआड परातीएवढी तबकडी, तिच्यावर लांब काळा काटा. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती इथं यायची, ह्याच तिपाईवर बसायची. तिपाई अजून तेवढीच आहे. तीही तिच्यावर नीट मावते.

पहिली गाडी पुढं येते. डाव्या बाजूचा बैल लोखंडी पत्र्यावर एक पाय ठेवतो आणि थांबतो. तबकडीवरचा काटा थरथरतो, थोडा चढतो, मागं येतो. गाडीवान चाबूक उचलतो.

आण्णा खिडकीवर पकड आपटतात. "ए बाबा! ओढू नगंस त्येला. टाकू दे की वजन."

"मिस्त्री, मागं पन्नास गाड्या हायत."

"असू देत. त्याच्या पायाला लागलंय. काटा बघ, पुढं जाऊन मागं टेकतोय. भ्यालंय बिचारं."

सगळी रांग थांबते. बैल फुरफुरतो. मग हळूच, अगदी हळूच, काटा वर सरकायला लागतो. बैलानं दुखऱ्या पायावर भार दिला आहे. दिला, आणि लगेच दुसरा पाय उचलला. गाडी खडखडत पत्र्यावर चढते.

"आधी वजन, मग पाऊल," आण्णा म्हणतात. "जनावर असू दे न्हाईतर माणूस."

बैलाच्या मागून त्रिशला पत्र्यावर पाय ठेवते, तर तो पत्रा नाही. रबरी पट्टा आहे. पांढऱ्या भिंती, फिनेलचा वास. पाच वर्षांपूर्वी आण्णांचं डावं अंग गेलं तेव्हा ज्या दवाखान्यात त्यांना चालवायला न्यायचे, ती ही खोली. वरच्या झोळीत सत्तावन्न किलोंचे आण्णा लटकलेत आणि खाली पट्टा फिरतोय, फिरतोच आहे. पोटात सात महिन्यांची ऊर्वी घेऊन ती तेव्हा रोज इथं उभी राहायची. आण्णा दर वेळी एकच वाक्य बोलायचे, वाकड्या झालेल्या तोंडानं. ओढतंय गं मला.

आता त्यांचं तोंड वाकडं नाही. ते झोळीतून खाली बघत, तबकडी वाचावी तसं निवांतपणे म्हणतात, "हे मशीन वाईट न्हवतं गं. त्याला घाई होती एवढंच. पाय माझा आणि चाल त्याची. कसं जमायचं?"

"म्हणून तर मी माझं केलं, आण्णा."

"मग तुझं काय करतंय?"

"माझं वजन मोजतं. चारही कोपऱ्यांत सारखं. शंभर ग्रॅम इकडंतिकडं होत नाही, तुम्ही चाचणी लावायचा ना, तशीच चाचणी मी—"

"झालं!" आण्णा झोळीतल्या झोळीत हसायला लागतात. "काटा-मिस्त्रीची पोरगी ती! अगं, मी जन्मभर अचूकपणा मिरवला म्हणून तूबी तेच मिरवतीस? बैल काट्यावर चढतो तो काय वजन करून घ्यायला? त्याला पलीकडं जायचं असतंय."

आठ पानं. आठही पानांत तिनं काट्याचंच कौतुक केलं आहे.

"मशीन काय करतंय ते लिहिलंस," आण्णा म्हणतात. "कवा काय करत न्हाई, ते लिहिलंस का?"

पट्टा. तिच्या यंत्राचा पट्टा. माणूस वर चढला तरी तो फिरत नाही. नुसता उभा राहतो.

"आण्णा, ते थांबतं!"

"मग?"

"बाकीची सगळी आधी पट्टा फिरवतात आणि फिरत्या पट्ट्यावर वजन मोजतात. माझं मोजत मोजत थांबतं! पुढच्या पायावर भार आला की मगच पट्टा सुटतो, मगच मागचा पाय उचलला जातो. चाल माणसाची, आण्णा, यंत्राची नाही! परीक्षकानं दाखवलेल्या एकाही कागदात हे नाही, मी सगळे वाचलेत, एकाही—"

"हळू. पोरगी उठंल."

ती दोन्ही हात तोंडावर धरते आणि हातांआड हसते. मग एकदम तिचा चेहरा उतरतो.

"पण नवीन घालता येत नाही. मूळ अर्जात असेल तेवढंच पुढं आणता येतं. आणि ज्यावर हक्क सांगायचा, त्या दाव्यात मी हे... मला ते इतकं साधं वाटलं की..."

"शोध की मग. येवढं दोनशे दहा ग्रॅम लिहिलंयस."

आता समोर पेटंट कचेरीची खिडकी आहे. रांगेत तिच्यापुढं बैल उभा आहे, शिंगाला टोकनचा कागद अडकवून. आण्णा अंगठा जिभेवर ओला करून पानं उलटतात. दहा, अठरा, पंचवीस. बैल वळून बघतो, वैतागल्यासारखा.

"तुम्हाला इंग्रजी कधीपासून यायला लागलं, आण्णा?"

"येत न्हाई अजून. पण तुझं अक्षर घाईत कसं होतंय ते कळतंय."

"टाईप केलंय हो ते!"

"टाईपमधलं बी कळतंय," आण्णा म्हणतात, आणि एकतिसाव्या पानावर, खालून चौथ्या ओळीवर बोट टेकवतात.

ती वाकून वाचायला जाते, तोवर कचेरी नाही, बैल नाही. तिची पुढची खोली आहे, खिडकीतून तिरपं ऊन आलं आहे आणि आण्णा चपला काढून हत्तीच्या पायरीशी उभे आहेत.

"चढू?"

"थांबा, झोळी बांधते."

"नगं. ऱ्हाऊ दे."

ते पट्ट्यावर उभे राहतात. पट्टा गप्प. ते खाली बघतात, मग तिच्याकडं.

"ओढत न्हाई हे."

"नाही ओढत."

"किती येळ थांबंल?"

"तुम्ही म्हणाल तेवढा."

आण्णा उभे राहतात. त्यांना हात द्यावा असं तिच्या मनात येतं, पण ती देत नाही. ती हात पाठीमागं बांधून ठेवते. आण्णांचा डावा खांदा सैल होतो. अंग थोडं पुढं झुकतं, परत येतं, पुन्हा झुकतं. आणि मग त्या डाव्या पायावर, जो शेवटचं सगळं वर्ष पलंगाच्या कडेवरून नुसता लोंबत होता, त्या पायावर आण्णा आपला भार देतात. खाली बारीक सर्रर्र होतं. पट्टा सुटतो.

एक पाऊल.

"आयला!" आण्णा म्हणतात. मुलीसमोर त्यांनी हा शब्द आयुष्यात कधी काढला नव्हता. "चाललो की गं!"

त्रिशला डोळे उघडते. पंखा फिरतोय. कुर्त्याचं टोक मोकळं आहे, चुरगळलेलं, अजून दमट. गठ्ठा छातीवर. घड्याळात सव्वातीन.

पान एकतीस. तिची बोटं इतकी घाई करतात की दोन पानं फाटता फाटता राहतात. खालून चौथी ओळ. तिथं आहे. एका पर्यायी रचनेत, रुग्णाचा भार पुढील पायावर येईपर्यंत पट्टा स्थिर राहतो. तिला आठवतं तरी कुठं! आणि मग आठवतं. अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी, दीड वर्षाची ऊर्वी अंगावर पीत असताना, एका हातानं टाईप केलेलं वाक्य. राहायला नको म्हणून घातलेलं.

ती फोन लावते.

"मॅडम, पान एकतीस! खालून चौथी ओळ!"

पलीकडं कागद खसखसतात. मग बेंद्रे मॅडमचा आवाज, "अहो बाई, हे आत होतं आणि तुम्ही मला आठ पानं अचूकपणा पाठवलात?"

"चालेल का?"

"चालेल का काय विचारता? हे पहिल्या दाव्यात आणा. दावा आकसेल, पण उभा राहील. परीक्षकाच्या कागदांत हे कुठंच नाही. लिहा, लिहा, आत्ता लिहा. मी चहा टाकते, चहा होईपर्यंत पाठवा."

"चहा सावकाश करा हो, मॅडम!"

त्रिशला पलंगावरच मांडी घालून लॅपटॉप उघडते. आठ पानं एका झटक्यात खोडते. तिला गाणं म्हणावंसं वाटतंय, कुणालातरी चिमटा काढावासा वाटतोय. वाक्य स्वतःहून येतं, न अडखळता. पट्टा स्थिर राहतो, जोपर्यंत. ती तो 'जोपर्यंत' तीनदा वाचते आणि तिन्ही वेळा खुदकन हसते. चार वाजायला दहा मिनिटं असताना ते मॅडमकडं जातं. मिनिटाभरात बेंद्रे मॅडमचा निरोप येतो: मिळालं. आज संध्याकाळीच भरते. झोपा आता जरा.

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात येतं की शेजारची उशी रिकामी आहे.

"ऊर्वी?"

"मी हत्तीपाशी आहे," पुढच्या खोलीतून आवाज येतो.

ऊर्वी विस्कटलेल्या केसांनी, अनवाणी, यंत्राच्या पडद्यासमोर टाचा उंचावून उभी आहे. सकाळची चाचणी घेतल्यापासून यंत्र चालूच राहिलं होतं. पडद्यावर दिवसभरातल्या नोंदी एकाखाली एक उतरल्या आहेत. सकाळी दहाला ऊर्वी चढली होती, तिला रोज चढायचं असतंच. सव्वादहाला त्रिशला. आणि त्यांच्याखाली आणखी एक ओळ. दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. अकरा सेकंद भार स्थिर. मग डावा पाय. मग एक पाऊल.

त्रिशला ती ओळ वाचते. मग ओळीच्या शेवटचा किलोंचा आकडा वाचते. तिचा हात यंत्राच्या दांडीवर जातो आणि तिथंच राहतो.

अंगणवाडीत ऊर्वीला अजून नऊपर्यंतचेच आकडे शिकवलेत, पण तेवढे ती पक्के वाचते. ती पडद्यावर बोट ठेवते आणि एकेक ओळ खाली उतरत जाते.

"ही मी. एक-चार. ही तू. पाच-दोन." बोट तिसऱ्या ओळीवर थांबतं. ती मान वर करून आईकडं बघते.

"मग हे पाच-सात कोण गं, आई?"