लंगडी ओळ

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. घरी विचारायला कुणी नव्हतं, म्हणून कवितेची वृत्तं समजून घ्यायला इंदिरानगरच्या गीतकार अण्णांकडे जायचो. मी कविता वाचायचो आणि ते मांडीवर बोटांनी मात्रा मोजायचे. एखादी जास्त झाली की कानडी मिसळत म्हणायचे, "स्वल्प थांब, इथं ओळ लंगडते."

त्यांच्या पत्नी, अक्का, कॉफी देताना चिडवायच्या, "इतकी गाणी लिहिलीत, माझं नाव एकातही नाही!"

"वृत्तात बसत नाही गं," अण्णा हसायचे.

अक्का गेल्यावर त्यांनी मला नवं गीत वाचून दाखवलं. यमकं नेमकी होती. तिसऱ्या ओळीत अक्कांचं नाव आलं आणि लय मोडली.

मी चाचरत विचारलं, "अण्णा, शब्द बदलायचा का?"

"नको. ती ऐकायला होती, तेव्हाच मोडायला हवी होती रे लय."