सप्रेम भेट, पाच घागरी

माझं नाव आयुष्यात एकदाच गाजलं, आणि तेही पाण्याच्या लाइनीत.

वडवणीच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. सकाळी वर्तमानपत्रं लावायची आणि संध्याकाळी त्यातलं शब्दकोडं कोणी फाडून नेलं याची चौकशी करायची, हे मुख्य काम. उरलेल्या वेळात मी वाचत असे आणि गावातल्या बडेजावावर मनातल्या मनात शेरे मारत असे. गावानं मला या बाबतीत कधी उपाशी ठेवलं नाही. ज्या साखर कारखान्याचे मी आणि माझी बायको मंगल असे दोघंही सभासद होतो, त्याच्या चेअरमनसाहेबांचं नाव बसथांब्यावर होतं, स्मशानभूमीच्या कमानीवर होतं (तिथंही ‘हार्दिक स्वागत’!) आणि सभासदांना वाटलेल्या भिंतीवरच्या घड्याळांवर तर फोटोसकट होतं. काटे नेमके साहेबांच्या नाकातून निघत. त्यांच्या सत्कारात वक्ता ‘भगीरथ’ या शब्दाशी आला की मी निघायला चपला शोधत असे.

दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं. दिवाळीच्या आधीच विहिरींचे तळ दिसायला लागले होते. कारखान्यानं आमच्या भागासाठी दिवसाआड टँकर सुरू केला, तर टँकरवरही साहेबांचा हात जोडलेला फलक.

“पाऊस पडला असता तर ढगावरसुद्धा फलक लावला असता या माणसानं,” मी मंगलला म्हणालो.

“हळू बोला. खिडकी उघडी आहे,” मंगल म्हणाली.

अशात दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या, आणि चौथीतली आमची मुक्ता दप्तर टाकून म्हणाली, “पप्पा, बाईंना आणि सरांना दिवाळीचं गिफ्ट द्यायचंय. सगळे देतेत.”

शिक्षकांना दिवाळीची भेट द्यायची ही पद्धत गावात तेव्हा नुकतीच आली होती. शाळेत तीन बाई आणि दोन सर. मी म्हटलं, “पुस्तकं देऊ.”

मायलेकी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी पाचही शिक्षकांना गृहपाठ देणार होतो.

“सभासदांची दिवाळीची साखर आली आहे ना,” मंगल म्हणाली. “त्यातली देऊ दोन-दोन किलो.”

“पिशवीवर साहेबांचा फोटो आहे. आपल्या घरातून त्यांचा प्रचार नको.”

“मग घड्याळ? आपल्याकडं दोन आहेत.”

“त्यावर तर तो वाजतोसुद्धा!”

शेवटी मुक्तानंच सांगितलं. तिच्या वर्गाच्या वैशालीबाई शाळेच्या मागेच एका खोलीत भाड्यानं राहायच्या. नवरा अंबाजोगाईला दवाखान्यात नोकरीला, सुट्टी मिळेल तेव्हा येणार. बाई चार महिन्यांचं बाळ खांद्यावर घेऊन टँकरच्या लाइनीत उभ्या राहायच्या. लाइनीत सगळ्यांच्या प्लॅस्टिकच्या घागरी एकसारख्या निळ्या, नाहीतर हिरव्या. बाळ रडलं म्हणून बाई जरा बाजूला गेल्या, तेवढ्यात त्यांची घागर कोणाच्या तरी घरी गेली. आता बाळाची ही पहिली दिवाळी, पहिलं तेल-उटणं, आणि पाणी आणायला बाईंकडे फक्त एक कळकट बादली.

“पप्पा, बाईंना घागर द्या. स्टीलची. आणि तिच्यावर बाईंचं नाव टाका, म्हंजे कुणी नेणार न्हाई.”

ही सूचना इतकी शहाणपणाची होती, की तेवढ्यावरच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मी भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार शिवलिंगआप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गादीवर बसले होते.

“आप्पा, पाच घागरी. वर नावं टाकायची आहेत, शिक्षकांची.”

“घेणाराचं नाव?” आप्पांनी हातातला चहा खाली ठेवला. “ग्रंथपाल, घेणाराचं नाव कुणी टाकतं का? भांड्यावर देणाराचं नाव असतंय. उद्या बाईंची बदली झाली, घागर लातूरला गेली, तर कुणी दिलती हे लोकाला कसं कळावं?”

वास्तविक मी इथं हसून ‘कळायची गरज नाही’ असं म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर लातूरला चाललेली घागर आली, तिच्यावर माझं नाव आलं, आणि मी म्हणालो, “बरं. पण बारीक अक्षरात.”

दुकानात नावं टाकायला एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी यंत्र सुरू केलं. कर्रर्र, कर्रर्र. मी अर्ध्या तासानं परत आलो, तर पाच घागरींच्या पोटांवर काठापासून काठापर्यंत लिहिलेलं: ‘दिवाळीनिमित्त सप्रेम भेट. श्री. मधुकर ज्ञानोबा तिडके, ग्रंथपाल, वडवणी.’ रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होतं.

“अहो मिस्त्री, बारीक सांगितलं होतं!”

“बारीक मला दिसत न्हाई,” मिस्त्री म्हणाले.

(खरं सांगायचं तर मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो होतो. वाचता येतं का ते बघायला.)

मुक्ता मात्र एक घागर फिरवून फिरवून बघायला लागली. “ह्याच्यावर बाईंचं नाव कुठंय?”

“नाव असलं म्हणजे झालं. कोणी नेणार नाही,” मी म्हणालो. दुकानात नावाची इतकी हौस आली, की लगोलग घरातल्या दोन घागरीही नेऊन त्यांच्यावरही नाव टाकून आणलं होतं, हे मी इथं भीत भीत नमूद करतो.

सुट्टीच्या आदल्या दिवशी घागरी वाटल्या. वैशालीबाईंचे डोळे भरून आले. “दुसरं काही दिलं असतं तर ठेवून दिलं असतं, भाऊ. ही उद्याच लाइनीत लावते,” त्या म्हणाल्या. मी नम्रपणे मान झुकवली. इतकी नम्र, की मागून कोणी फोटो काढला असता तर चेअरमनसाहेबांचाच वाटला असता.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आमच्या लाइनीचा कारभार गयाबाईंकडे होता. शाळेच्या कोपऱ्यावर उलट्या बादलीवर त्या बसायच्या, आणि त्यांच्यापुढे ग्रामसेवकही आवाज चढवत नसे. माणसांनी सावलीत बसायचं, लाइनीत नुसती भांडी लावायची, आणि दर घराच्या दोन घागरी, तिसरी नाही, हा त्यांचा नियम. पाच शिक्षक शाळेच्या आसपासच राहत, त्यामुळे त्यांच्याही घागरी त्याच लाइनीत. गयाबाई उठल्या, सवयीनं लाइन मोजायला लागल्या, आणि सातव्या पावलावर थांबल्या.

“ह्ये काय लिव्हलंय गं?” त्यांनी एका पोरीला विचारलं.

“मधुकर ज्ञानोबा तिडके.”

“आन् ह्याच्यावर?”

“तिडके.”

“आन् ह्या पल्याडल्या?”

“तिडकेच.”

“सात घागरी!” गयाबाईंचा आवाज थेट माझ्या वाचनालयापर्यंत आला. “घरात माणसं तीन आन् घागरी सात? रोज पेपर वाचतंय म्हणून लई हुशार झालं का हे?”

मी धावत पोचलो तोवर निकाल लागला होता. नियमाप्रमाणे गयाबाईंनी तिडक्यांच्या पहिल्या दोन घागरी ठेवल्या आणि बाकीच्या पाच उचलून बाजूला काढल्या. ठेवल्या त्या नेमक्या माझ्या. काढल्या त्या पाच शिक्षकांच्या. टँकर निघून गेला. वैशालीबाई बाळाला थोपटत रिकाम्या घागरीशेजारी उभ्या होत्या आणि घागरीवर माझं नाव उन्हात चकाकत होतं.

“मावशी, मी भेट दिल्यात त्या!” मी म्हणालो.

“भेट?” गयाबाईंनी डोळे बारीक केले. “कावून? इलेक्शनला हुभा राहतू का?”

सावलीत बसलेल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. कारखान्याची निवडणूक दिवाळीनंतर होती. आमच्या भागात माणूस आपलं नाव टाकून भांडी वाटतो याचा अर्थ एकच होतो, आणि तो शिक्षणाशी संबंधित नसतो.

मंगलनं आमच्यातली एक घागर वैशालीबाईंकडे रिकामी केली आणि उरलेली तांब्या-तांब्यानं बाकीच्या चौघांकडे वाटली. मुक्ता माझ्याशी बोलेना.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात एवढी गर्दी, की आमच्या वर्धापनदिनालाही नव्हती. त्यातला एक म्हातारा पुढे झाला.

“तिडकेसाहेब, आमी सभासद हाव. घरात तीन मतं हायत.”

“मग?”

“मग घागरी कवा?”

“अहो, मी उभा नाही!”

“आसंच म्हणावं लागतंय आधी,” तो समजूतदारपणे म्हणाला, आणि जाताना त्यानं माझ्याशी हात मिळवला. साठ वर्षांचा माणूस मला पहिल्यांदा ‘साहेब’ म्हणाला होता. ते ऐकायला वाईट वाटलं नाही, एवढंच सांगतो.

खरी अडचण त्याच्या पुढच्या दिवशी झाली. पाळी असूनही टँकर आला नाही. लाइन दुपारपर्यंत तशीच उन्हात. शेवटी कारखान्यावरचा एक माणूस मोटारसायकलवरून येऊन सांगून गेला, “तुमच्या गल्लीनं नवा नेता केलाय म्हणं. त्यानलाच मागा पाणी.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली आंघोळ. साऱ्या गल्लीच्या दिवाळीचं पाणी माझ्या नावापायी तुटलं होतं. वैशालीबाईंचा नवराही सकाळीच आला होता, बाळाचं पहिलं उटणं बघायला. घरात पिण्यापुरतं पाणी. गयाबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली.

“ग्रंथपाल, त्या लेकराची आंघूळ चुकली ना, तर म्या तुला सोडणार न्हाई.”

मी सायकल काढली आणि चेअरमनसाहेबांकडे गेलो. साहेब झोपाळ्यावर होते.

“या या, ग्रंथपाल! अर्ज कवा भरताय?”

“साहेब, गैरसमज झालाय. मुलीच्या शिक्षकांना दिवाळीची भेट म्हणून पाच घागरी दिल्या, बस.”

साहेब मायेनं हसले. “आमी बी पहिल्यांदा शाळेलाच पाच घड्याळं दिलती.”

मी गारच पडलो. माझ्यात आणि त्यांच्यात अंतर उरलं होतं ते फक्त फोटोचं.

“शपथेवर सांगतो, साहेब, मी उभा नाही. पण टँकर पाठवा. चार महिन्यांचं लेकरू आहे.”

“लेकराचं आदी सांगायचं न्हाई का!” साहेब खरोखर कळवळले आणि त्यांनी लगेच माणसाला हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “टँकर निघाला समजा. फकस्त तिथं दोन शब्द बोला. लोकायचा गैरसमज राहू नये.”

ऊन उतरता उतरता टँकर कोपऱ्यावर आला. मी त्याला हार घातला. बॉनेटसमोर नारळ फोडला. मग गयाबाईंच्या उलट्या बादलीवर उभा राहिलो. समोर सगळी गल्ली, पाचही शिक्षक, मंगल, मुक्ता. मी जाहीर केलं, की मी कोणत्याही निवडणुकीला उभा नाही. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण फलकावरचे साहेब माझ्याकडे बघत होते आणि ड्रायव्हरचा हात अजून पाइपाकडे गेला नव्हता.

“...आपल्या भागाचे आधुनिक भगीरथ,” मी म्हणालो.

पाणी सुटलं.

पाच घागरींची ओळख पटवायचं काम तोवर मुक्तानं करून टाकलं होतं. आईचं लाल नेलपॉलिश घेऊन तिनं माझ्या नावावरून आडवं, मोठ्या अक्षरात प्रत्येकाचं नाव लिहिलं होतं. पहिली घागर ‘वैशालीबाई’ नावाची भरली. गयाबाईंनी ती स्वतः उचलून कमरेवर घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, “पोरीचं आदीच आयकलं आसतं तर?”

पहाटे शाळेमागच्या खोलीतून बाळाचं खणखणीत रडणं ऐकू आलं. डोक्यावर ऊन पाणी पडल्यावरच लेकरू असं रडतं. मुक्ता उशीवरून डोकं उचलून हसली आणि तीन दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, “बाळाची झाली आंघोळ. आता तुमी उठा.”

दिवाळीनंतर निवडणूक झाली. साहेबांचं पॅनल निवडून आलं. मतमोजणीला गेलेले शिवलिंगआप्पा संध्याकाळी मुद्दाम घरी आले. “ग्रंथपाल, कमाल झाली. बाद मतपत्रिकांमधी तीन अशा निघाल्या, की शिक्का कुठंच न्हाई, आन् पेनानं नुसती घागर काढलेली!”

“बघा,” मंगल हसून म्हणाली, “अर्ज न भरता पडलेले तुम्ही तालुक्यातले पहिलेच. पण कोण हो ते तीन वेडे?”

दोघांचं मला आजवर कळलेलं नाही. तिसऱ्याचं अजून मी घरी सांगितलेलं नाही.