पाय मागे घेणारे पुजारी

शुक्रवार पेठेतल्या त्वचेच्या दवाखान्यात ते मला दर महिन्याला भेटायचे. मैंदर्गीकडच्या कुठल्याशा देवळातले पुजारी, साठीच्या घरातले. नाव मी कधी विचारलंच नाही. आमचं दुखणं मात्र एकच होतं, पायाच्या अंगठ्याच्या नखाला लागलेली बुरशी. माझी बुटातल्या घामाने आलेली, त्यांची गाभाऱ्यातल्या ओल्या फरशीने.

बाकावर बसले की पिशवीतून छोटा पंचा काढून ते बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचे. औषध एक दिवस चुकवायचे नाहीत. मी आठवेल तेव्हा लावायचो.

एकदा म्हणाले, "लोक पाया पडायला वाकतात. त्यास्नी ही बुरशी लागंल म्हणून मी पाय मागं घेतो. तर गावात झालंय, महाराज लई नम्र हायत! आता जास्तच लोक वाकायलेत. खरं सांगावं तर लाज वाटती, न्हाय सांगावं तर खोटं."



वर्षभराने त्यांचं नख मुळापासून नवं आलं, गुलाबी. डॉक्टरांनी औषध बंद केलं. माझं अजून पिवळंच होतं. निरोप घेताना मी वाकलो, तसे त्यांनी झटकन पाय मागे घेतले.

"आता तर बरं झालंय की," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग उत्तर माझ्यापाशीच असल्यासारखं मला विचारलं,

"व्हय की. मग मागं का घेतलं म्या?"