दामूच्या पालखीचा कडू मान

दामूकडे पालखीचा पुढचा दांडा होता. त्याच्या बापाकडे होता, आजाकडे होता. बाकी त्याच्याकडे चिकूची वाडी होती, ढोपरदुखी होती आणि महादू नावाचा चुलतभाऊ होता. महादूला तो दांडा हवा होता.

गावदेवीची पालखी चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी निघे आणि बेटेगावच्या बाजूनं फिरून परत येई. ज्या दारात पालखीला काही प्यायला मिळेल, ते दार मानाचं. पुढच्या भोयानं पिऊन "गोड झाला" म्हणायचं. तेवढं म्हटलं की मान कायमचा. मग दर वर्षी त्या दारात प्यायल्याशिवाय पालखी पुढे सरकत नाही. थांबली तरी ती झुलत राहायला हवी. पुढच्या भोयानं ती जमिनीला टेकवली किंवा पिताना तोंड वाकडं केलं, तर दांडा दुसऱ्याकडे.

चर्चच्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. चर्च म्हणजे रस्त्यालगतची पत्र्याची शेड. आधी तिथे गोदाम होतं. तारापूरच्या कारखान्यांत काम करणारी केरळची माणसं तिथे प्रार्थनेला जमत. फादर जोजी नवे होते. शेजाऱ्यांशी ओळख व्हावी, असं त्यांना फार वाटे. त्या वर्षी पालखी नेमकी ईस्टरला आली. फादरनी दारात टेबल मांडून लाल सरबत ठेवलं. दामूला तहान लागली होती. तो प्यायला आणि सवयीनं बोलून गेला, "गोड झाला."

ढोल थांबला.

"दामूदादा," महादू म्हणाला, "देवीला चर्चचा मान लावलास तू."

"लागला तर लागला. सरबत चांगला हाय."

फादरना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी सगळ्यांना केक वाटला.

पुढच्या वर्षी पालखीच्या दिवशी गुड फ्रायडे आला.

दामू चर्चच्या दारात उभा राहिला. दार बंद. टेबल नाही. पोरांनी ढोल जोरात बडवला. दार किलकिलं झालं. एका बाईनं तोंडावर बोट ठेवलं. "आज येशूच्या मरणाचा दिवस. शांत राहा, प्लीज." दार परत लागलं.

मयताच्या दारात ढोल कोण वाजवील? पोरांनी काठ्या खाली केल्या. पण पालखी तर झुलायला हवी. आत माणसं मान खाली घालून उभी होती. बाहेर भोई बिनआवाजाचे नाचत होते. कंपनीची बस थांबली. खिडकीतून एकानं विचारलं, "भैया, आवाज कहाँ गया?"

दामूचं ढोपर ठणकू लागलं. त्याची बायको हंसा पदरानं वारा घालत होती. "टेकवू नका. महादू बघतोय," ती पुटपुटली.

महादू बघतच होता. "दादा, दमलास? दे इकडं."

"तू आपला नाच."

उन्हं कलली तेव्हा दार उघडलं. फादर बाहेर आले आणि मुकी झुलती पालखी पाहून जागीच थांबले. हंसानं त्यांना मानाची सगळी गोष्ट सांगितली. फादर घाबरले.

"आज सरबत कसं देऊ? आज आमचा उपास. आज आम्ही फक्त कारल्याचा रस पितो. दुःखाची आठवण म्हणून."

"तोच द्या."

"दामूभाऊ, फार कडू असतो."

"द्या हो फादर! ढोपर जाईल माझा."

दामूनं पेला रिकामा केला. कानांतून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं. महादू त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन पाहत होता. दामूचा चेहरा हलला नाही.

"गोड झाला."

"मग डोळ्यांत पाणी कशाला?"

"भक्ती हाय."

मग बाकीच्या भोयांना पेले मिळाले आणि महादूची पाळी आली. त्यानं घोट घेतला आणि तो गटाराकडे पळाला.

त्या पावसाळ्यात दामूनं वाडीच्या कुंपणावर कारली लावली. रोज सकाळी पेलाभर रस पिऊ लागला.

"शुगर झाली का तुमाला?" हंसानं विचारलं.

"दांडा सांभाळायचा हाय," दामू म्हणाला.

तिसऱ्या वर्षी गुड फ्रायडे केव्हाच होऊन गेला होता. फादर वर्षभर ओशाळलेले होते. त्यांनी मंडप घातला, बर्फ आणला, सरबतात सब्जा सोडला. महादूनं मिशीवरून हात फिरवला. सरबत त्यालाही पिता येत होतं.

दामूनं पेल्याला हात लावला नाही.

"मान बदलला हाय, फादर. आता कडूचा."

"पण आत्ता कारली कुठून आणू?"

हंसानं पिशवी पुढे केली.

चर्चच्या आत मिक्सर फिरू लागला. बाहेर पालखी झुलत होती, या वेळी ढोलासकट. फादर दोन पेले घेऊन आले.

"यजमानानं आधी प्यायचा," दामू म्हणाला.

"असा नियम नाय!" महादू ओरडला.

"आता हाय."

एकदा फादरचं तोंड वाकडं झालं, की या रसाची धास्ती सगळ्या गावाला बसेल. मग दांड्याचं नाव कोण काढतोय! दामूचा हिशेब असा होता.

फादरनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. लहानपणापासून ते दर वर्षी तो रस पीत आले होते. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. दामूचं ऐकून ऐकून त्यांना एक वाक्य पाठ झालं होतं. ते त्यांनी आनंदानं म्हटलं.

"गोड झाला."

सगळं गाव फादरच्या खांद्यांकडे पाहू लागलं. खांदे चांगले रुंद होते.

दामूनं दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.