पन्नास ताटांचा हुकूम

एके काळी घाटंजीत मुसलमानांच्या घरी लग्न ठरलं, की तारीख आधी वाहिद आचाऱ्याला विचारत आणि मग काजीला कळवत. काजी दुसराही मिळाला असता. वाहिद एकच होता.

त्याच्याकडे तांब्याच्या तीन देगा होत्या. सगळ्यांत लहान देगीत दोनशे माणसांचा पुलाव व्हायचा. त्याहून लहान भांडं त्याने घेतलंच नव्हतं, कारण त्याहून लहान लग्न गावात कोणी करत नसे. माणसं किती येणार, हे तो लग्नघरी कधी विचारत नसे. सकाळी मांडवाबाहेर उभा राहायचा, बैलबंड्या किती सुटल्या ते पाहायचा, आज बाजार आहे का ते आठवायचा आणि तांदूळ उपसायचा. बाजाराला आलेला अनोळखी माणूसही दस्तरखानावर बसून पोटभर जेवून जाई. ‘तू कोणाचा रे?’ असं विचारायची रीत नव्हती.

जे मुसलमानाच्या घरचं शिजलेलं खात नसत, त्यांच्या घरी शिधा जायचा. तांदूळ, डाळ, गूळ, वाटीभर तूप. ते घरी शिजवत आणि ‘लग्नाचं जेवलो’ म्हणत. कोतवाल मारोतीला तर असा शिधा वर्षातून दहा-बारा वेळा मिळे. हात धुऊन, डोक्याला फेटा बांधून तो शिधा घ्यायचा, जणू इनामच मिळतंय.

त्याच मारोतीने सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात मोहल्ल्यात डफडं वाजवलं. दोन वर्षं पाण्याने दगा दिला होता, धान्य रेशनवर आलं होतं.

“ऐका हो ऐका! लग्नात, बारशात, तेरवीत पन्नासाच्या वर ताट वाढाल, तर खटला होईन होऽ!”

वाहिद ओट्यावर बसून शहाजिरं निवडत होता. त्याची मुलगी शमसुन्निसा हिचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. या लग्नासाठी चार वर्षं त्याने आपली मजुरी तांदळात घेतली होती. दीड पोतं भरलं होतं.

“मारोती, पन्नास म्हंजे घरं का माणसं?”

“माणसं, वाहिदभाई. लेकरूबी एक, म्हातारीबी एक.”

“अन् तुया सरकारनं कधी लग्न पाह्यलं हाय काय?”

“मले काय पुसता? मी तं डफड्याचा धनी. चामडं त्यायचं, हात माया.”

त्या संध्याकाळी वाहिद आणि त्याची बायको हुस्नाबी मोजायला बसली. नवरामुलगा राजूरच्या खाणीत कामाला होता, तिकडून वरातीत तीस माणसं येणार होती. राहिली वीस. घरचेच सात. राहिली तेरा. वाहिदचे दोन भाऊ, त्यांची बायकापोरं आणि हुस्नाबीचा भाऊ. संपलं. मोहल्ल्यात साठ घरं होती, आणि त्या साठांतलं एकही घर वाहिदच्या हातचं जेवलं नाही असं नव्हतं. पण ते जेवण दुसऱ्यांचं होतं. त्याच्या स्वतःच्या दारातली ही पहिली आणि शेवटची दावत होती, कारण मुलगी एकच.

कोणी म्हणालं, शेतात कर. कोणी म्हणालं, गुपचूप दोन पंगती उठव. पण राजूरहून व्याह्याचा निरोप आला, ‘मुलगा नोकरीवर आहे. सरकारी भानगड झाली तर वरात परत नेऊ.’

“मारोतीले देतो तसा शिधा सगळ्याइले देऊ,” हुस्नाबी म्हणाली.

“शिधा परक्याले देतात, हुस्ना. जो आपल्या हातचं खात नाही, त्याले.”

“मंग काय करता? दार लावून जेवता?”

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी वाहिद परात घेऊन निघाला. लोकांनी शिधा घेतला, पण मान खाली घालून. कोणी ‘मुबारक हो’ म्हणालं नाही. एका म्हातारीने तांदूळ पदरात घेतला आणि विचारलं, “आमचं काही चुकलं काय बेटा?” गल्लीच्या टोकाला मारोती भेटला. त्याच्या काखेत त्याचा शिधा होता.

“आता सगळेच मायासारखे झाले म्हना, वाहिदभाई!”

तो गमतीने बोलला होता. वाहिदला हसता आलं नाही.

पुढचं घर जफरचं. जफर कल्हईवाला. पंचवीस वर्षं वाहिदच्या देगांना आतून कल्हई त्यानेच केली होती. परात पाहून तो भाता सोडून उठला.

“हे काय हाय?”

“शिधा.”

“कोनाले?”

“तुले.”

जफरने परात उचलली आणि उंबऱ्याबाहेर ठेवली. “तुया देगीत मी मुंडकं घालून कल्हई केली. तिच्यातला धूर माया छातीत हाय. अन् मले शिधा? मी तुया हातचं खात नाही काय? काहून आला तू इथं?”

वाहिदने जोडे काढले, परात उचलली आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसला.

“भाबी, तुमची पातेली द्या.”

जफरची बायको अमिनाबी बघतच राहिली. वाहिदने तांदूळ धुतले, फोडणी केली आणि मूठभर मीठ टाकलं. हाताला तीच सवय होती.

“अल्ला! अवो भाई, आमी पाच मानसं हावो, पलटन नाही!” अमिनाबी ओरडली.

जफर आधी हसला. मग सगळेच हसले. तो भात खारट झाला आणि तसाच संपला.

ही गोष्ट चुलीचुलीला कळली. दिवस मावळेपर्यंत वाहिदने सात घरी शिजवलं. त्रेपन्न घरं राहिली. प्रत्येकाला तो सांगत गेला, “शिधा असू द्या. मी येतो.”

दुसऱ्या दिवशी निकाह झाला. तहसिलीतून एक निरीक्षक वही घेऊन आले होते. माणूस भला होता. त्यांनी ताटं दोनदा मोजली. वाहिद म्हणाला, “साहेब, शरबत तरी घ्या.”

“नको हो. माझ्या हातात पेला दिसला, तर एकावन्नावा कोण, हे मलाच लिहावं लागेल.”

दोनशेच्या देगीत पन्नासांचा तांदूळ तळाशी कुठे तरी पडला होता. आच कितीही ओढली तरी तो खालून लागलाच. वाहिदच्या हातचा जळका पुलाव घाटंजीने तोवर पाहिला नव्हता. त्या दिवशीही पाहिला नाही, कारण घाटंजी तिथे नव्हती. व्याही मुकाट्याने जेवले. गल्लीत दारं बंद होती. शमसुन्निसा निघाली तेव्हा बाया आपापल्या ओट्यांवरून रडल्या.

पुढे सव्वा महिना वाहिद राहिलेलं फेडत फिरला. रोज एकदोन घरी जायचा, त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच भांड्यात लग्नाचा पुलाव करायचा आणि त्यांच्याबरोबर जेवायचा. हळूहळू लहान भांड्यात मीठही बरोबर पडू लागलं.

शेवटचं घर हबीबचाचांचं. जुने पिंजारी, वय ऐंशीच्या पुढे, एकटे, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नसे. मोहल्ल्यातले सगळ्यांत वडील म्हणून प्रत्येक दावतीत पहिला घास त्यांचा असे. सगळे बसले, की ते बिस्मिल्ला म्हणत आणि मग बाकीचे हात ताटात जात.

वाहिदने पुलाव वाढला. चाचांनी हात धुतला, पण घास घेईनात. दाराकडे तोंड करून बसले.

“काय झालं चाचा? खा ना.”

“सगळे आले काय?”

वाहिदने दाराबाहेर पाहिलं. दुपारच्या उन्हात गल्ली मोकळी होती. एक बकरी भिंतीच्या सावलीला बसली होती.

“आले चाचा,” तो म्हणाला. “बसले सगळे. बिस्मिल्ला करा.”